खिडकीभोवतीची फट

आमच्या न्हाणीघराला एक सागवानी खिडकी आहे. घर वडिलांच्या काळातलं, खिडकीही तेव्हाचीच. पूर्वी भिंतींना चुन्याचा गिलावा होता आणि खाली शहाबादी फरशी. पुढे आम्ही भिंतींना छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स लावून घ्यायचं ठरवलं. काम खिडकीपाशी आलं तेव्हा चौकट आणि टाइल यांच्यामध्ये मिस्त्री थोडी फट सोडू लागले. मी त्यांना थांबवलं. "मिस्त्री, एवढा खर्च करतोय आणि ही फट कशाला? पाणी शिरेल, झुरळं होतील. टाइल अगदी लाकडाला भिडवून लावा आणि दरज व्हाइट सिमेंटनं बंद करून टाका." मिस्त्री वयानं माझ्याहून मोठे. "सर, लाकूड हलतं," एवढंच ते म्हणाले आणि मी सांगितलं तसं त्यांनी केलं.

काम झालं तेव्हा फार देखणं दिसत होतं. पहिल्याच पावसाळ्यानंतर चौकटीच्या कडेनं सिमेंटची रेघ सुटून केसाएवढी भेग दिसू लागली. दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातली टाइल तिरपी तडकली. तिसऱ्या वर्षी चौकटीच्या खालच्या लाकडात पेन्सिलीचं टोक सहज आत जाऊ लागलं. लाकूड आतून कुजलं होतं. आधी मी सुताराच्या नावानं बोटं मोडली, मग टाइल्सना दोष दिला. चूक माझीच होती, हे पटायला बराच काळ गेला. त्या काळात टाइल आणि लाकूड यांच्या शेजाराबद्दल जे वाचलं, तपासलं, ते इथे सांगतो. तडकलेली टाइल जवळपास प्रत्येक शाळेत सापडतेच. तेव्हा विज्ञानाच्या तासाला याचा उपयोग व्हावा.

भिंतीला टाइल लावण्याची हौस फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सक्कारा इथे जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोटातल्या काही दालनांच्या भिंतींना निळ्या झिलईच्या छोट्या टाइल्स लावलेल्या आहेत. वेताच्या चटईसारख्या दिसाव्यात अशी त्यांची रचना आहे. प्रत्येक टाइलच्या पाठीला भोक असलेला एक उंचवटा आहे. त्यातून दोरा ओवून ती भिंतीत पक्की करायची. या टाइल्सच्या मधोमध दारंही आहेत, पण ती खोटी आणि चुनखडीच्या दगडात कोरलेली. दगड आणि टाइल यांचं एकमेकांशी जमतं. तिथली हवाही वर्षभर कोरडी. त्यामुळे आपल्या प्रश्नाला तिथे हात घालायची वेळच आली नाही.

ती वेळ आली ती दमट देशात. टाइल घराघरात नेली ती हॉलंडनं. सोळाव्या शतकात इटलीचे कुंभार अँटवर्पला येऊन राहिले. कथिलाच्या पांढऱ्या झिलईचं तंत्र त्यांनी सोबत आणलं होतं. १५८५ साली अँटवर्प स्पेनच्या हाती पडल्यावर बरेच कारागीर उत्तरेला, हॉलंडच्या शहरांत गेले. पुढे चीनची निळी-पांढरी भांडी जहाजांतून येऊ लागली आणि त्या धर्तीवर निळी चित्रं काढलेल्या टाइल्स तिथे हजारोंनी बनू लागल्या. आपण त्यांना सरसकट 'डेल्फ्ट' म्हणतो. प्रत्यक्षात रॉटरडॅम, हार्लिंगेन, उट्रेख्त अशा कितीतरी गावांत त्या होत.

या टाइल्स बनवायची रीत पाहण्याजोगी आहे. ओल्या मातीची पोळी लाटून चौकोन पाडायचे आणि थोडे वाळू द्यायचे. वाळताना माती आकसते, आणि सगळीकडे सारखी आकसत नाही. म्हणून अर्धवट वाळलेल्या टाइलवर लाकडी फळीचा साचा ठेवून कडा पुन्हा कापायच्या. साचा सरकू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांत बारीक खिळे असत. त्यांची टोचणी आजही जुन्या डच टाइल्सच्या कोपऱ्यांत दिसते. संग्रहालयात अशी टाइल बघायला मिळाली तर आधी कोपरा पाहा, चित्र नंतर. एवढं करूनही भाजताना पुन्हा फरक पडायचाच. साधारण १३ सेंटिमीटरची टाइल दोन-तीन मिलिमीटरनं इकडेतिकडे झाली तरी कारागीर तिला खपवून घेत असत.

या टाइल्स घरात लागायच्या कुठे? चुलीभोवती, जिन्याशेजारी, आणि मुख्य म्हणजे भिंतीच्या तळाशी एक ओळ. डच गृहिणी जमिनी पाण्यानं धूत. फडक्याचं पाणी भिंतीवर उडे आणि खालून ओल चढे. तिथे चुन्याची सफेदी टिकत नसे. व्हर्मीर या चित्रकारानं १६५८च्या सुमारास रंगवलेलं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र अनेकांनी पाहिलं असेल. त्यात मागच्या भिंतीच्या तळाशी ही ओळ स्पष्ट दिसते. खिडकी आहे ती डाव्या बाजूच्या भिंतीत. फरशी धुताना पाणी जिथवर उडतं तिथवर टाइल, आणि लाकडी खिडकी तिच्या पुष्कळ वर. दोघींची गाठ पडत नाही.

जिथे गाठ पडे तिथे दोन गोष्टी मदतीला येत. पहिली म्हणजे चुना. टाइल्स चुन्याच्या मसाल्यात बसवलेल्या असत. चुना सिमेंटच्या मानानं मऊ असतो. शेजारचं लाकूड जरा हललं तर चुन्यात बारीक बारीक भेगा पडतात आणि टाइल वाचते. आपल्याकडे वाड्यांच्या बांधकामात चुन्याच्या घाणीत मळलेला, गूळ-हिरडा घातलेला मसाला वापरत. त्याचाही स्वभाव तसाच. दुसरी मदत अरुंद पट्टी-टाइल्सची. भिंतीच्या लांबीत पूर्ण टाइल्स बसल्या नाहीत तर उरलेल्या जागेत नक्षीची पट्टी घालायची. कापलेली टाइल दिसतच नाही, पट्टी सजावटीसाठीच असल्यासारखी वाटते.

पोर्तुगालमध्ये तिसरी वाट काढली गेली. तिथे मोठी चित्रं टाइल्सवर रंगवायची पद्धत होती. चित्रकार आधी भिंतीचं माप घेई, दारं-खिडक्या कुठे आहेत ते पाही आणि त्या वगळूनच चित्र आखे. प्रत्येक टाइलच्या पाठीवर क्रमांक असे. बसवणाऱ्यानं क्रमांकानुसार लावत जायचं. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातली निळी चित्रं याच परंपरेतली आहेत. ती झॉर्झ कोलासो यांची, १९३५ सालची. सहलीला मुलांना नेलंत तर चित्राची चौकट आणि भिंतीची मापं कशी जुळवली आहेत, ते त्यांना शोधायला सांगा. अर्थात हे काम राजवाड्यांचं आणि चर्चचं. चार बाय सहाच्या न्हाणीघरासाठी चित्रकार कोण बोलावणार?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तीन गोष्टी थोड्या थोड्या अंतरानं घडल्या आणि आपला प्रश्न जन्माला आला.

१८२४ साली लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिन या गवंड्यानं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. १८४० साली रिचर्ड प्रॉसर यानं जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी साच्यात जोरानं दाबून वस्तू बनवण्याचं पेटंट घेतलं. त्याला बनवायची होती बटणं! स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनच्या मात्र लक्षात आलं की, याच रीतीनं टाइल्स करता येतील. भुकटीत पाणी कमी, म्हणून वाळताना आकसणंही कमी. एक टाइल दुसरीसारखी, दुसरी हजाराव्यासारखी. कोपऱ्यात खिळे टोचायची गरज संपली. मग आली जंतूंची ओळख. रॉबर्ट कॉखनं १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, पाठोपाठ कॉलऱ्याचा. कॉलऱ्याचं काम पुरं करायला तर तो कलकत्त्याला येऊन राहिला होता. घाण डोळ्यांना दिसली पाहिजे आणि पुसता आली पाहिजे, असं सर्वांना वाटू लागलं. गुळगुळीत पांढरी टाइल याला अगदी योग्य. दुग्धशाळा, रुग्णालयं, खाटकांची दुकानं, पॅरिसची भुयारी स्थानकं आणि शेवटी घरातलं न्हाणीघर, सगळीकडे ती पोचली.

टाइल आता कमरेपर्यंत थांबेना. ती खिडकीपर्यंत गेली, खिडकीच्या वर गेली. ती बसवायला चुन्याऐवजी कडक सिमेंट आलं. आणि ती स्वतः इतकी नेमकी चौकोनी झाली की शेजारच्या प्रत्येक गोष्टीचा वाकडेपणा ओरडून सांगू लागली. ओबडधोबड गिलाव्यात खिडकी अर्धा इंच तिरपी असली तर कुणाला कळत नाही. टाइल्सच्या सरळ रेघा शेजारी आल्या की तीच खिडकी गुण्यात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आपल्याकडे सहा इंची पांढरी टाइल मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत रुळली ती स्वातंत्र्यानंतर. एच. अँड आर. जॉन्सन या इंग्रजी नावाच्या कंपनीनं १९५८ साली भारतात काम सुरू केलं. 'जॉन्सनची टाइल' हा शब्दप्रयोग आमच्या लहानपणी श्रीमंतीची खूण होता.

आता लाकडाकडे वळू. "लाकूड हलतं" म्हणजे नेमकं काय होतं?

उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक खिळखिळं झालं की ते ओढ्याच्या पाण्यात ठेवतात, हे खेड्यातल्या मुलांना माहीत असतं, निदान त्यांच्या आजोबांना तरी. लाकूड फुगतं आणि धावेच्या लोखंडी कड्यात घट्ट बसतं. पावसाळ्यात दार अडकतं, त्याचंही कारण हेच. लाकडाच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते बहुतांशी झाडाच्या उंचीच्या दिशेनं लागलेले असतात. हवेतलं बाष्प या तंतूंच्या मध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं. म्हणून लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या दिशेनं जास्त आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं त्याच्या निम्मं.

साग या बाबतीत फार शहाणा. ओला साग पूर्ण वाळवला तर वर्तुळांच्या दिशेनं तो सुमारे ५.८ टक्के आकसतो, दुसऱ्या दिशेनं सुमारे २.५ टक्के. इतर अनेक लाकडं ८ ते १० टक्क्यांपर्यंत जातात. आपल्या पूर्वजांनी खिडक्यांना साग निवडला तो काही केवळ वाळवीच्या भीतीनं नव्हे.

गणित मुलांकडून करून घ्या. लाकूड आकसायला लागतं ते त्यातलं पाणी सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर. म्हणजे ३० टक्के पाणी गेलं की ५.८ टक्के आकसणं. पाण्यात एक टक्का फरक पडला तर सुमारे ०.१९ टक्के. हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात शेवटी ६ टक्क्यांच्या आसपास पाणी उरतं. आर्द्रता ८५ टक्के असेल तर सतरा-अठरा टक्के. जाड चौकट एवढ्या टोकाला पोचत नाही. मे आणि ऑगस्टमध्ये ६ टक्क्यांचा फरक धरू. चौकटीची फळी १०० मिलिमीटर रुंद असेल, तर ती १.१ ते १.२ मिलिमीटर हलेल. आता टाइल बघा. १.२ मीटर लांब टाइल्सची रांग २० अंशांनी तापली तर ती वाढते एक ते दोन दशांश मिलिमीटर. म्हणजे चार इंची फळीची हालचाल चार फुटी टाइल्सच्या रांगेच्या कितीतरी पट. मध्ये कडक सिमेंट भरलं तर फुगणारं लाकूड ढकलणार तरी कुणाला? ढकलतं ते टाइलला. उन्हाळ्यात ते मागे सरतं आणि सिमेंटपासून सुटून केसाएवढी भेग ठेवून जातं. केसाएवढ्या भेगेत पाणी केशाकर्षणानं खेचलं जातं आणि बाहेर पडायला वाट नसते. माझी चौकट कुजली ती अशी. दोन सूत उघडी फट असती तर पाणी शिरून वाळूनही गेलं असतं.

टाइल कोपऱ्यातच का तडकली, याचंही उत्तर आहे आणि ते मला सर्वांत मनोरंजक वाटतं. खिडकीच्या कोपऱ्यापाशी टाइलचा एक चतकोर कापून काढावा लागतो. उरलेला तुकडा बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीसारखा. त्याच्या आतल्या टोकदार कोपऱ्यातच तडा जन्म घेतो. केंब्रिजचे चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ साली भोकं आणि टोकदार कोपरे यांमुळे पत्र्यातला ताण किती वाढतो, याचं गणित मांडलं. त्यांच्यासमोर प्रश्न होता जहाजांच्या पत्र्यांचा. ओढलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक जितकं चपटं आणि टोकदार, तितका ताण अधिक. अगदी तीक्ष्ण कोपऱ्यात तर गणितानं तो अमर्याद वाढतो. पुढे १९२०-२१ मध्ये ग्रिफिथ यांनी काच का फुटते, याचा विचार याच वाटेनं पुढे नेला. टाइलची झिलई म्हणजे काचच. १९५४ मध्ये कॉमेट जातीची प्रवासी विमानं हवेत फुटली. तपासात धातूला थकव्यामुळे पडलेले तडे सापडले, आणि त्यांचा उगम होता विमानाच्या कवचातल्या चौकोनी उघड्या जागांच्या कोपऱ्यांपाशी. न्हाणीघर आणि विमान यांची तुलना कुणाला हास्यास्पद वाटेल. ताणाला मात्र दोन्हीकडे कोपराच सापडतो.

जाणते मिस्त्री कोपऱ्याच्या बिंदूवर आधी एक गोल भोक पाडतात आणि मग त्या भोकापर्यंत दोन काप घेतात. तीक्ष्ण कोपरा गोल होतो. त्याहून जाणते मिस्त्री असा तुकडा लागूच देत नाहीत. ते टाइल्सची आखणी खोलीच्या कोपऱ्यापासून सुरू न करता खिडकीच्या मध्यरेषेपासून करतात. डाव्या-उजव्या बाजूंना सारखे तुकडे येतात आणि शक्य असेल तिथे खिडकीचा कोपरा दोन टाइल्सच्या सांध्यावर पडतो. यासाठी आधी ओळंबा, पाणसळ, सुतळी घेऊन अर्धा दिवस नुसतं मोजत बसावं लागतं. मालकाला वाटतं, हा माणूस वेळ घालवतोय. मलाही वाटलं होतं.

कापण्याची कला स्वतंत्र. पूर्वी पोलादी टोकानं झिलईवर ओरखडा काढून टाइल मोडत आणि कडा जंबुरानं कुरतडत. सरळ रेघ साधायला वर्षं लागत. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ रुबी नावाचं गाव आहे. तिथल्या बोआदा बंधूंनी १९५१च्या सुमारास फरशा कापायचं हातयंत्र आणलं. दोन दांड्यांवर सरकणारं चाक ओरखडा काढतं आणि दांडा दाबला की टाइल मोडते. आज आपल्याकडच्या प्रत्येक मिस्त्रीकडे त्याच्याच वंशातलं यंत्र असतं. चाक फक्त एक बारीक चीर पाडतं, बाकीचं काम ग्रिफिथचा नियम करतो. ती चीरच पुढे धावते.

राहिली फट. ती सोडायची तर भरायची कशानं? जुने सुतार तिच्यावर लाकडाची पट्टी ठोकत. पट्टी खिळ्यांनी फक्त चौकटीला जोडलेली, टाइलवर नुसती टेकलेली. लाकूड हललं की पट्टी टाइलवरून सरकते, कुणालाच त्रास नाही. काही जण लांबी भरत. जवसाचं तेल आणि खडूची भुकटी यांची ही लांबी पहिली काही वर्षं लवचीक असते. तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत कडक होतं आणि मग तीही तडकते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉटिंगहॅमचे फ्रेडरिक किपिंग सिलिकॉनच्या काही चिकट पदार्थांशी झगडत होते. 'सिलिकोन' हे नाव त्यांचंच. या पदार्थांचा व्यवहारात काही उपयोग होईल, असं त्यांना वाटत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ते कारखान्यात बनू लागले, आणि पुढे नळीतून बाहेर काढताच हवेतल्या बाष्पानं आपोआप रबरासारखे होणारे प्रकार आले. त्यातल्या एका प्रकाराला आंबट वास येतो, तो व्हिनेगरचा. घट्ट होताना त्यातून अॅसेटिक आम्ल बाहेर पडतं. गंमत अशी की, टाइलच्या झिलईतही सिलिकॉन आणि ऑक्सिजनचीच साखळी आहे. तिथे ती तिन्ही दिशांनी एकमेकींत गुंतून कडक जाळं झालेली. सिलिकोनमध्ये तीच साखळी सुटी, लांब आणि तिच्या अंगाला मिथिल गट लटकलेले, त्यामुळे ती वाकते, ताणली जाते. एकच जोडी, एकीकडे काच आणि दुसरीकडे रबर. दहावीच्या मुलांना हे सांगितलं तर आवडतं.

आमच्याकडे पुन्हा तेच मिस्त्री आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "सर, या वेळी फट ठेवू ना?" सुतारानं कुजलेला भाग कापून तिथे नवा सागाचा तुकडा जोडला. टाइल्स चौकटीपासून दोन सूत दूर लावल्या, कोपऱ्यात गोल भोक पाडून. खिडकीची खालची बाजू बाहेर उताराला केली. फटीत आधी कापडी दोरी खुपसून वर सिलिकोन भरलं, म्हणजे ते फक्त टाइलला आणि लाकडाला चिकटतं, मागच्या सिमेंटला नाही, आणि दोन्हीकडे मोकळेपणानं ताणलं जातं. ही दोरीची युक्ती मला कुठल्या पुस्तकातून मिळाली नाही, मिस्त्रींकडून मिळाली. आता न्हाणीघरं बांधताना बहुतेक जण अॅल्युमिनियमची खिडकी आणि ग्रॅनाइटची चौकट घालतात. त्यामुळे हे सगळं ज्यांना हातानं येतं, असे मिस्त्री शोधावे लागतात.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. आमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीला दोन सारख्या सागवानी चौकटी आहेत, एक रंगवलेली आणि एक कोरी. नववीच्या मुलांनी दोन्हींवर पेन्सिलीनं खूण केली आणि त्याच जागी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी व्हर्नियर कॅलिपरनं रुंदी मोजली, एप्रिल ते डिसेंबर. कोरी चौकट जुलैतच भरभर फुगली आणि ऑगस्टअखेर पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेली. रंगवलेली चौकट तिच्या निम्मीही हलली नाही. पण ऑक्टोबरमध्ये कोरी आकसायला लागली तरी रंगवलेली अजून फुगतच होती. "सर, रंग पाणी आत जाऊ देत नाही की बाहेर येऊ देत नाही?" एका मुलीनं विचारलं. पुढच्या वर्षी एका चौकटीला नुसतं जवसाचं तेल लावून तिच्या शेजारी तिसरा तक्ता ठेवायचा, असं वर्गानं ठरवलं आहे.